पॅराडाइम: म्हणा आणि निश्चिंत राहा

मीटिंगमध्ये सांगण्यासारखं काही नाही, पण बोलल्याशिवाय सुटकाही नाही, अशी वेळ आली तर घाबरू नका. खुर्चीत किंचित पुढे सरका, चष्मा काढून हातात घ्या आणि म्हणा, "मला वाटतं, इथे पॅराडाइमच बदलायला हवा." मग गप्प बसा. माना डोलतील. निदान दोघं तरी वहीत लिहून घेतील. अर्थ कोणी विचारणार नाही, कारण विचारलं की स्वतःचं अज्ञान उघडं पडतं.

तरी एखादा खवट निघतोच. त्याला ग्रीक पाजा. 'परादेइग्मा' म्हणजे शेजारी ठेवून दाखवलेला नमुना. आपल्याकडे त्याला कित्ता म्हणतात, पण हे मात्र बोलू नका. "कित्ता बदलायला हवा" म्हटलंत तर कोणी पेनाचं टोपणसुद्धा काढणार नाही.

व्याकरणवाल्यांपासून जपून. त्यांच्या लेखी पॅराडाइम म्हणजे रूपावली, 'रामः रामौ रामाः'. म्हणजे शाळेत आपण पॅराडाइमच घोकत होतो आणि तरी नापास होत होतो. प्रोग्रॅमरांचा पॅराडाइम आणखी निराळा. त्यांच्या वाटेला जाऊच नका, त्यांचं आपसातच पटत नाही.

खरा आधार थॉमस कून यांचा. भौतिकशास्त्र सोडून विज्ञानाच्या इतिहासात शिरलेल्या या गृहस्थांनी १९६२ साली 'द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रेव्होल्यूशन्स' लिहिलं आणि शब्दाचं नशीब फळफळलं. विश्वाच्या मध्यावरून पृथ्वी उठली आणि सूर्य बसला, तसली उलथापालथ त्यांना अभिप्रेत होती. (तुमचा फक्त फाइलींचा रंग बदलला असेल, तरी हरकत नाही.) पुढे मार्गारेट मास्टरमन या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ बाईंनी चिकाटीने मोजदाद केली: त्या एकाच पुस्तकात हा शब्द निदान २१ अर्थांनी आलाय! आणि बाई कूनच्या बाजूच्या होत्या, बरं का. कून बिचारे सज्जन. १९७०च्या आवृत्तीला पुरवणी जोडून त्यांनी अर्थ आवरून घ्यायचा प्रयत्न केला. असला भित्रेपणा तुम्ही करू नका. तुम्हाला बाविसावा काढायचाय.

एक हुकमाचं पान राखून ठेवा. 'देइग्मा'तला धातू आणि आपला 'दिश्' हे भाऊबंद. आदेश, निर्देश, उपदेश ही सगळी त्याच खानदानातली. साहेबांनी "म्हणजे नक्की करायचं काय?" असं विचारलंच, तर हे सावकाश, धातूपासून सुरुवात करून समजावा. तेवढ्यात जेवणाची सुट्टी होते.