साके गरमच प्यायची? उन्हाळ्यात तरी नक्कीच नाही

उन्हाळा चढला की साके या तांदळापासून बनणाऱ्या जपानी मद्याबद्दलचा एक दावा हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: साके ही जपानची व्होडकासारखी कडक दारू आहे, ती गरमच प्यायची असते, अस्सल जपानी माणूस तिच्यात बर्फ टाकत नाही की लिंबू पिळत नाही. कॉकटेल करायचंच असेल तर कुठलीही उघडी पडलेली बाटली चालते. आणि शुद्ध असल्यामुळे ती कितीही प्यायली तरी दुसऱ्या दिवशी डोकं दुखत नाही. यातला एकही मुद्दा टिकत नाही. वाईट याचं वाटतं की यावर विश्वास ठेवून लोक एक उत्तम उन्हाळी पेय एक तर टाळतात, नाही तर बिघडवतात.

गरम पिण्यापासून सुरुवात करू. इ.स. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या जपानच्या इतिवृत्तात एक प्रसंग आहे. शिकारीला गेलेल्या राजपुत्राला त्सुगे इथं माळावर झोपडीसारखं काहीतरी दिसतं. चौकशी केल्यावर कळतं की ते बर्फघर आहे: जमीन खोल खणायची, आत गवताचा जाड थर द्यायचा, त्यावर बर्फ ठेवायचा आणि वरून छप्पर शाकारायचं. या बर्फाचं करता काय, असं विचारल्यावर उत्तर मिळतं की उन्हाळ्यात तो पाण्यात आणि साकेत घालून वापरतात. तेव्हाची साके आजच्यासारखी नितळ नव्हती, हे खरं. पण साकेत बर्फ घालणं ही परदेशी बारवाल्यांनी काढलेली टूम आहे, असं म्हणायला यानंतर जागा उरत नाही.

पुढच्या काळातली रीतही हेच सांगते. नवव्या महिन्यातल्या शेवंतीच्या सणापासून तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवसापर्यंत, म्हणजे थंडीच्या दिवसांत, साके गरम करायची अशी परंपरा होती. बाराही महिने गरम पिण्याची चाल पडली ती एदो काळात (१६०३–१८६८). पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तांदळाची टंचाई आली आणि बाहेरून अल्कोहोल, ग्लुकोज वगैरे घालून साके वाढवण्याचं तंत्र रूढ झालं. तसल्या साकेचा खरखरीतपणा गरम केल्यावर कमी जाणवायचा. परदेशात ‘साके म्हणजे गरम’ हा समज घट्ट बसायला ही स्वस्त साकेही कारणीभूत आहे, असं मला वाटतं. जपानी लोक मात्र वेगवेगळ्या तापमानांच्या साकेला वेगवेगळी नावं देतात: ५ अंशांची युकिबिए, १० ची हानाबिए, ४० ची नुरुकान, ५५ च्या आसपासची तोबिकिरिकान. ज्यांनी ५ अंशांच्या साकेला नाव दिलं, ते ती गार पीत असणारच.

आता ‘जपानी माणूस बर्फ-लिंबू घालत नाही’ हा मुद्दा. जपानी बारमध्ये ‘सामुराई रॉक’ नावाचं कॉकटेल मिळतं. त्यात साके, लाइमचा रस आणि बर्फ एवढंच असतं. त्याहून बोलका दाखला क्योतो प्रांतातल्या क्योतांगोच्या किनोशिता ब्रुअरीचा आहे. तिथले तोजी, म्हणजे मुख्य मद्यकार, फिलिप हार्पर हे मूळचे इंग्लंडचे. त्यांची ‘आइस ब्रेकर’ ही उन्हाळी साके येते तीच पेंग्विनचं लेबल लावून, आणि बर्फावर ओतून प्यायची म्हणून. ती गेन्शू आहे, म्हणजे तयार झाल्यावर तिच्यात पाणी घातलेलं नसतं. एरवी साके आंबून तयार होते तेव्हा तिच्यात अठरा-वीस टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं आणि बाटलीत भरण्याआधी पाणी घालून ते १५-१६ वर आणतात. गेन्शूच्या बाबतीत हे काम तुमच्या ग्लासातला बर्फ करतो. १८ टक्क्यांच्या ६० मिलि साकेत १५ मिलि बर्फ वितळला, तर १४.४ टक्के उरतात. म्हणजे नेहमीच्या साकेच्या जवळपासच.

दाव्यातली सगळ्यात नुकसान करणारी गोष्ट म्हणजे व्होडकाशी घातलेली सांगड. साके ऊर्ध्वपातनाची दारू नाही. वाफवलेल्या तांदळावर कोजी बुरशी वाढवतात, ती तांदळातल्या पिठूळ भागाची साखर करते आणि त्याच टाकीत, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. मग गाळायचं. जपानी कायद्यानुसार साकेत २२ टक्क्यांहून कमी अल्कोहोल असावं लागतं. आपल्याकडची व्होडका असते ४२.८ टक्के.

हा फरक विसरलं की कॉकटेल फसतं. ४५ मिलि व्होडकात १३५ मिलि सोडा घातला तर ग्लासात १०.७ टक्के अल्कोहोल राहतं. त्याच मापात व्होडकाऐवजी १५ टक्क्यांची साके घातली, तर चार टक्केसुद्धा उरत नाही आणि चव तर पार वाहून जाते. मग ‘साकेची कॉकटेल पाणचट लागतात’ असं म्हणून लोक मोकळे होतात. साकेला सोडा बरोबरीनं, ९० ला ९०, त्याहून जास्त नको. आणि शेक करत बसू नका. शेकरमध्ये बर्फ झपाट्यानं वितळतो, ते व्होडकाला झेपतं, साकेला झेपत नाही. बाटली, सोडा, ग्लास तिन्ही आधीच फ्रीजमध्ये गार करा, बर्फाचा मोठा खडा घ्या, चमचा दोनदा फिरवा, बस्स.

लिंबाचंही तसंच. साकेचा आंबटपणा वाइनपेक्षा बराच कमी असतो, म्हणून लिंबू तिला शोभतं, पण लगेच डोक्यावरही बसतं. ६० मिलि साकेला १० मिलि रसापासून सुरुवात करा. मला स्वतःला आवडतं ते असं: काकडीच्या चार पातळ चकत्या ग्लासात हलक्या हातानं चेचायच्या, त्यावर साके ९० मिलि, लिंबाचा रस १० मिलि, चिमटीच्या टोकावर मावेल एवढं मीठ, बर्फ, आणि शेवटी ६० मिलि सोडा. मिठाला दचकू नका. जपानमध्ये मासू नावाच्या चौकोनी लाकडी मापातून साके पिताना कडेवर मीठ ठेवण्याची पद्धत आहेच. साकेत अमिनो आम्लांमुळे जी रुचकर, तोंडात रेंगाळणारी चव असते, ती मिठानं उठून येते. साखरेच्या पाकाची गरज सहसा पडत नाही, साकेत मुळातच थोडा गोडवा असतो.

फळ घालायचं तर पीच घ्या. ओकायामा प्रांत पांढऱ्या पीचसाठी प्रसिद्ध आहे आणि साकेसाठी नावाजलेला ओमाची तांदूळही तिथलाच. (पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणतात, तेच हे ओकायामा.) पिकलेल्या पीचचा दोन चमचे गर आणि थंडगार साके, एवढंच पुरतं.

‘कुठलीही उघडी पडलेली बाटली चालते’ हेही चूक. साके उघडली की हवेनं तिची चव उतरत जाते. फ्रीजमध्ये ठेवून आठवड्या-दोन आठवड्यांत संपवलेली बरी, आणि ऊन तर तिला अजिबात सोसत नाही. उतरलेली साके सोड्यात लपत नाही. उलट सर्वांत महाग बाटलीही कॉकटेलसाठी नको. दाइगिंजो या सगळ्यात वरच्या दर्जाच्या साकेसाठी तांदूळ निम्मा किंवा त्याहून जास्त घासून टाकतात आणि तिचा सफरचंद-केळ्यासारखा नाजूक वास हीच तिची खरी मिजास. लिंबू त्यावर बोळा फिरवतं. ती नुसती गार करून प्या. मिसळायला चांगली जुनमाई, म्हणजे बाहेरून अल्कोहोल न घातलेली साके, किंवा मिळाली तर गेन्शू.

राहिला हँगओव्हर. १८० मिलि साकेत, म्हणजे जपानी मापानं एका गोमध्ये, १५ टक्क्यांनी २७ मिलि शुद्ध अल्कोहोल असतं. आपल्या ६० मिलिच्या पेगमध्ये असतं साधारण २५.७. शरीराला दोन्ही सारखीच, आणि गार, लिंबूवाली साके भराभर घशाखाली उतरते म्हणून मोजून प्यायला हवी, उकाड्यात तर जास्तच. जपानमध्ये साकेसोबत यावारागी-मिझू म्हणून साध्या पाण्याचा ग्लास ठेवतात आणि मधूनमधून त्यातले घोट घेतात. कॉकटेल असलं तरी तो ग्लास शेजारी हवाच.