ग्रीस मारलं म्हणजे बेअरिंग तपासलं असं होत नाही

बोटीचा सीझन तोंडावर आला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: 'बोट ट्रेलरच्या हबला स्प्रिंगवाली टोपी बसवा, दर ट्रिपला ग्रीस गनचे दोन पंप मारा, बेअरिंग जन्मात उघडावं लागणार नाही. गोड्या पाण्यात बोट घालत असाल तर तेवढंही नको. नट मात्र करकचून आवळा. अ‍ॅक्सल गॅल्व्हनाइज्ड असेल तर तिकडे बघूच नका. आणि काही झालंच तर एक तयार हब गाडीत ठेवा, दहा मिनिटांचं काम.' यातला एकही सल्ला जसाच्या तसा घेण्याजोगा नाही. (हब म्हणजे चाकाचा मधला भाग; चाक सहज फिरावं म्हणून त्यात बेअरिंग असतात.)

टोपीचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो जास्त खपतो. बहुतेक जण या टोपीला बेअरिंग बडी याच ब्रँडच्या नावाने ओळखतात, आणि ती उगाच निघालेली नाही. ह्यूस्टनहून गॅल्व्हेस्टनपर्यंत पन्नासेक मैल ओढलेल्या ट्रेलरचा हब तापलेला असतो. बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर पोचल्या पोचल्या तो पाण्यात घातला की आतली हवा एकदम आकसते आणि हबच्या मागच्या रबरी सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. टोपीतली स्प्रिंग आतल्या ग्रीसवर हलका दाब ठेवते, बाहेरच्यापेक्षा साधारण ३ पीएसआय (दाबाचं एकक) जास्त. म्हणजे पाणी आत ओढलं जात नाही. इथवर ठीक.

पण हबमध्ये बेअरिंग दोन असतात. एक टोपीला लागून, दुसरं मागे सीलजवळ. टोपीतून मारलेलं ग्रीस आधी पुढच्या बेअरिंगला मिळतं. मधली पोकळी पूर्ण भरल्याशिवाय ते मागच्यापर्यंत जात नाही. पाणी शिरतं ते मात्र मागूनच. शिवाय जुनं काळं ग्रीस जाणार कुठे? पंप मारत राहिलात की एक दिवस मागचं सील जागा सोडतं आणि ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडतं. ड्रम ब्रेक असतील तर थेट लायनिंगवर, म्हणजे ब्रेकचं कामही अंगावर आलं.

ट्रेलरचे अ‍ॅक्सल बनवणाऱ्या डेक्स्टर कंपनीच्या ईझी ल्यूब अ‍ॅक्सलमध्ये ग्रीस स्पिंडलच्या (ज्यावर हब फिरतो त्या टोकाच्या) आतून मागे सीलजवळ निघतं आणि दोन्ही बेअरिंगमधून पुढे येतं. रचना नक्कीच सरस. तरी याच कंपनीचं वेळापत्रक बेअरिंगसाठी १२ महिने किंवा १२,००० मैल असं आहे, आणि तेही साध्या ट्रेलरला धरून. आपला तर पाण्यात बुडतो.

उघडल्यावर जे दिसतं ते ग्रीस गनने कधीच कळत नाही. ग्रीस ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर पाणी गेलेलं आहे, सील बाहेरून कितीही ठणठणीत दिसो. बेअरिंग रॉकेलमध्ये किंवा मिनरल स्पिरिटमध्ये धुवा, पुसा आणि उजेडात धरून एकेक रोलर फिरवून बघा. निळसर झाक म्हणजे ते कधीतरी भाजलंय. मग हबमध्ये ठोकून बसवलेल्या रेसवरून (रोलर जिच्यावर फिरतात त्या बाहेरच्या कडीवरून) नख फिरवा. डोळ्याला न दिसणारा खड्डा नखाला अडतो. अडला तर बेअरिंग आणि रेस दोन्ही बदला; जुन्या रेसमध्ये नवं बेअरिंग घालून वाचवलेले डॉलर टिकत नाहीत. सील तर दर वेळी नवंच. ग्रीस भरताना थोडं तळहातावर घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा, रोलरांमधून ते वरच्या बाजूने डोकावेपर्यंत. आणि हातात आलेला कुठलाही डबा वापरू नका. लिथियम कॉम्प्लेक्स आणि पॉलियुरिया हे ग्रीसचे दोन प्रकार एकत्र झाले तर मिश्रण पातळ होऊन वाहू शकतं. 'दोन्ही निळी आहेत' हे कारण पुरत नाही, निळा हा नुसता रंग असतो.

गोड्या पाण्याचा मुद्दा मिशिगनकडची मंडळी फार आवडीने सांगतात. पोलाद गंजायला पाणी आणि हवा पुरते, मीठ फक्त घाई करतं. उलट तिकडे ट्रेलर अख्खा हिवाळा एका जागी उभा असतो. ऑक्टोबरात हबमध्ये शिरलेलं पाणी रोलर आणि रेस टेकतात तिथे साचून बसतं, आणि वसंतात उघडाल तर रेसवर रोलरच्या अंतराने आडव्या गंजरेघा उमटलेल्या दिसतात. असं बेअरिंग पहिल्याच लांब ट्रिपला घरघरतं. म्हणून हब उघडण्याची योग्य वेळ सीझन संपल्यावरची, सुरू होतानाची नव्हे.

हबला स्पिंडलवर धरून ठेवणारा नट करकचून आवळायचा सल्ला कुठून आला, देव जाणे. बहुधा चाकाच्या नटांशी गल्लत. हे टेपर्ड, म्हणजे निमुळत्या रोलरांचं बेअरिंग आहे. तापल्यावर फुगायला त्याला किंचित जागा लागते. डेक्स्टरची पद्धत सोपी आहे: हब हाताने फिरवत नट सुमारे ५० फूट-पौंडापर्यंत आवळा, म्हणजे सगळं जागेवर बसतं. मग हब न फिरवता नट पूर्ण सैल करा, नुसत्या बोटांनी टेकेपर्यंत फिरवा आणि लागलंच तर स्प्लिट पिनचं भोक जुळेपर्यंत किंचित मागे घ्या. पिन दर वेळी नवी. चाक वर-खाली हलवल्यावर अगदी जाणवेल न जाणवेल इतका प्ले, म्हणजे ढिलेपणा, राहिला पाहिजे.

अ‍ॅक्सलबद्दल थोडक्यात. जस्ताचा थर वेल्डिंगने, ग्राइंडरने, दगडाच्या टवक्याने जातो, आणि पोकळ नळी आतून गंजली तर बाहेरून चकचकीतच दिसते. टॉर्शन अ‍ॅक्सलमध्ये स्प्रिंगऐवजी धक्के झेलणारं रबर चौकोनी नळीत कोंबलेलं असतं, तिथे खारं पाणी अडकलं की धुऊनही निघत नाही. चाक धरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या आर्मचा कोन एकसारखा आहे का ते पाहा; एक बाजू खाली बसली असेल तर रबर गेलंय. लीफ स्प्रिंग असेल तर पट्ट्यांच्या फटी आणि यू-बोल्ट बघा.

तयार हब गाडीत ठेवायला माझा विरोध नाही, जरूर ठेवा. तो घेताना बेअरिंगवर कोरलेला नंबर जुळवा. बऱ्याच लहान ट्रेलरवर एल४४६४९ असतो, पण गृहीत धरू नका. फक्त 'दहा मिनिटांचं काम' हे विसरा. बेअरिंग जाम झालं की त्याची आतली कडी स्पिंडलवरच फिरायला लागते आणि स्पिंडल खरवडून काढते. कधी कडी तिथेच चिकटून बसते. मग नवा हब हातात असूनही तो चढवायला जागा उरत नाही, आणि बोटीसकट ट्रेलर फ्लॅटबेड ट्रकवर न्यावा लागतो. तो खर्च तुमच्या रोडसाइड (रस्त्यातल्या मदतीच्या) प्लॅनमध्ये धरलाय का, हे आजच वाचून घ्या. बऱ्याच साध्या प्लॅनमध्ये फक्त गाडी असते, ट्रेलर नसतो.