गॅसवर प्लास्टिकच्या माळा नकोत, खिडकीत संत्री लावा
स्वयंपाकघराच्या ख्रिसमस सजावटीवरच्या तुमच्या लेखात गॅसच्या वरच्या फळीला झगमगत्या प्लास्टिकच्या माळा लावायला सांगितलंय. कृपया तसं करू नका. फोडणीचं तेल बसून त्या चिकट होतात, शिवाय आचेजवळ पेट घ्यायची भीती असतेच. आम्ही नागपूरच्या सदर भागात राहतो. ख्रिसमसच्या आधी आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या सुरुवातीला निघणारी) संत्री बाजारात भरपूर असतात. त्यांच्या अर्धा सेंटिमीटर जाड चकत्या करा (आपलं संत्रं सैल सालीचं, फार पातळ कापलं की फोडी सुटतात). फडक्याने टिपून ओव्हनमध्ये १०० अंशांवर ३-४ तास ठेवा, मधे मधे उलटा. मग दालचिनीच्या काड्यांसोबत जाड दोऱ्यात ओवून खिडकीला बांधा. आईने पहिली माळ बांधली, त्या संध्याकाळी केक भट्टीत जायच्या आधीच घरभर संत्र्याचा वास होता!