रात्रपाळीला बदली कोण?

गावाकडून हल्ली एक युक्तिवाद वारंवार कानावर येतो आणि दर वेळी मी अस्वस्थ होते. युक्तिवाद असा की, शिकलेसवरलेले डॉक्टर गडचिरोली-मेळघाटात यायला तयार नाहीत, कारण त्यांच्यातली सेवावृत्ती आटली आहे. पण आता त्यांच्या मिनतवाऱ्या करण्याचे दिवसही संपले, कारण रोबोट आला आहे, आणि उद्या नागपूरला बसलेला सर्जन अहेरीच्या रुग्णावर शस्त्रक्रिया करील. कुरखेड्याकडचा माझा मावसभाऊ एरवी अतिशय समंजस माणूस आहे. आसपासच्या खेड्यांतल्या रुग्णांना घेऊन तो रात्री-अपरात्री गडचिरोली गाठतो. त्यानेही परवा मला लिहिले, ‘ताई, आता मशीन येऊन राहिली, डॉक्टर लोकांची वाट पाहायचं काम नाही.’ त्याच्यावर मी रागावू शकत नाही, कारण त्याच्याइतकी वाट कोणीच पाहिलेली नाही. राग येतो तो ही आशा त्याच्या गळी उतरवणाऱ्यांचा.

मी भूल देणारी डॉक्टर आहे आणि स्कॉटलंडच्या हायलँड्समधल्या एका लहान रुग्णालयात काम करते, तेव्हा यंत्राबद्दलचे माझे म्हणणे आधी सांगते. दुरून शस्त्रक्रिया होऊ शकते, यात शंका नाही. २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या फ्रेंच सर्जन जाक मारेस्को यांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग येथील महिलेचे पित्ताशय रोबोटच्या साह्याने काढले. २०२५ च्या जानेवारीत गुरुग्राममध्ये बसून, भारतातच तयार झालेल्या रोबोटच्या मदतीने, जयपूरच्या रुग्णाच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. याचा मला मनापासून अभिमान आहे. परंतु या बातम्या वाचताना रुग्णाच्या खोलीत कोण कोण होते, हे कोणी विचारत नाही. रुग्णाला भूल देणारा तिथेच असतो. पोटात नळ्या घालणारा, रोबोटच्या हातातली अवजारे बदलणारा आणि रक्तस्राव आटोक्यात येईना झाला तर रोबोट बाजूला सारून पोट उघडणारा सर्जनही तिथेच असावा लागतो. स्ट्रासबुर्गलाही तशी सज्जता होतीच. म्हणजे दुरून केलेल्या शस्त्रक्रियेला रुग्णाजवळ माणसे कमी नव्हेत, उलट अधिक लागतात. अहेरीला ती माणसे मिळाली, तर नागपूरच्या सर्जनची गरज क्वचितच पडेल; आणि ती मिळाली नाहीत, तर रोबोट नुसता झाकून ठेवावा लागेल.

शिवाय आमच्या भागात माणसे ज्या शस्त्रक्रियांवाचून दगावतात, त्या रोबोटच्या नव्हेतच. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक शल्यचिकित्सा आयोगाने जगातल्या पाच अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया उपलब्ध नसल्याचे सांगितले, आणि एखादे रुग्णालय किती सक्षम आहे हे ओळखण्यासाठी तीन शस्त्रक्रिया निवडल्या: सिझर, पोट उघडून करायची तातडीची शस्त्रक्रिया आणि हाड बाहेर आलेल्या फ्रॅक्चरवरचा उपचार. या तिन्हींची सोय दोन तासांच्या अंतरावर असावी, असे त्या आयोगाचे म्हणणे आहे. सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे दोनशे किलोमीटर आहे, आणि आलापल्ली-सिरोंचा रस्ता ज्याने पावसाळ्यात पाहिला आहे, त्याला दोन तासांचे गणित समजावून सांगायला नको.

मध्यरात्रीच्या सिझरमध्ये नेमके काय होते, ते सांगितल्याखेरीज माझा मुद्दा पुरता कळणार नाही. बाई टेबलावर बसलेली असते, सिस्टरने तिचे खांदे पुढे वाकवून धरलेले असतात, आणि दोन कळांच्या मधल्या अवधीत मला तिच्या पाठीच्या मणक्यांमध्ये सुई घालायची असते. सुईतून स्वच्छ पाण्याचा थेंब आला की औषध सोडायचे आणि तिला लगेच आडवी करून थोडी डावीकडे कलती ठेवायची. पुढच्या काही मिनिटांत रक्तदाब कोसळू शकतो. बाई ‘मळमळतं’ म्हणते, ती बहुधा त्याचीच पहिली खूण असते. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा ‘टिक टिक’ आवाज रक्तातला प्राणवायू घटू लागला की खालच्या स्वरात उतरतो, आणि माझे हात सिरिंज भरण्यात गुंतलेले असले तरी कान त्या स्वराकडे असतात. बाळ रडले नाही तर त्याच्याकडे पाहायला आणखी एक माणूस लागतो, गर्भाशय आकुंचन पावले नाही तर रक्त आणायला आणखी एक. सर्जन हा या तुकडीतला एक गडी आहे, महत्त्वाचा आहे, पण एकटाच नाही.

हे मी परदेशात शिकले असे कोणी समजू नये. एम.बी.बी.एस. झाल्यावर सक्तीच्या शासकीय सेवेच्या बंधपत्रावर मी ज्या ग्रामीण रुग्णालयात होते, तिथले ऑपरेशन थिएटर नवे होते, अवजारे निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह चालू होता, वरचे दिवे लागत होते आणि टेबलाच्या गादीवरचे प्लास्टिकचे वेष्टण अजून फाडलेले नव्हते. ते दालन उघडायचे ते कुटुंबनियोजनाच्या शिबिरापुरते. स्त्रीरोगतज्ज्ञ काही काळ होत्या, तेव्हा भूलतज्ज्ञ नव्हता; भूल देण्याचे प्रशिक्षण घेतलेले एक वैद्यकीय अधिकारी आले, तोवर बाईंची बदली झाली होती. अडलेली प्रत्येक बाई आम्ही १०८ ला फोन करून पुढे रेफर करत असू. एम.बी.बी.एस. डॉक्टरांना काही महिन्यांत जीवरक्षक भूल द्यायला शिकवण्याचा कार्यक्रम आपल्याकडे आहे, आणि तो उत्तम आहे. पण असा डॉक्टर जिथे सर्जन नाही तिथे नेमला आणि सर्जन जिथे भूल नाही तिथे नेमला, तर कागदावर दोन पदे भरली जातात आणि शस्त्रक्रिया एकही होत नाही. २०२१-२२ च्या केंद्रीय आकडेवारीनुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या मानाने ८३ टक्के सर्जन कमी होते. हा आकडा सगळे उद्धृत करतात. त्या तुटवड्याच्या बेरजेत धरलेले तज्ज्ञ मात्र चार आहेत: सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ. भूलतज्ज्ञ त्या चौघांत नाही, याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

आता इकडचे. ‘परदेशात सगळे सुरळीत असते’ हे वाक्य मला ऐकवत नाही, तसेच ‘तिकडेही हेच आहे’ हेही ऐकवत नाही. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला केथनेसमधल्या विक येथील रुग्णालयातला डॉक्टरांच्या देखरेखीखालचा प्रसूतिविभाग २०१६ च्या अखेरीस सुईणींच्या हाती सोपवण्यात आला, आणि तेव्हापासून तिथल्या बहुतेक बायका बाळंतपणासाठी शंभर मैलांहून दूर इन्व्हर्नेसला जातात. जानेवारीत ए९ महामार्गावर स्नो गेट, म्हणजे बर्फात रस्ता अडवणारे फाटक, बंद झाले की पोटुशी बाई आणि तिचा नवरा काय करतात, हे मला इथे कोणाला विचारावे लागत नाही, कारण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची बाई काय करते, ते मला ठाऊक आहे. आपण तिच्यासाठी दवाखान्याजवळ माहेरघर काढले, तारखेच्या आधी तिला तिथे आणून ठेवण्याची सोय केली. इथे तारखेआधी इन्व्हर्नेसला येऊन राहणाऱ्या बायकांना पाहून मला आमची माहेरघरे आठवतात, आणि खरे सांगायचे तर आमची कल्पना अधिक मायेची वाटते.

पण इथल्या वादात एक गोष्ट मी कधी ऐकली नाही. डॉक्टर उत्तरेला येत नाहीत म्हणून लोक संतापतात, सभा भरवतात, खासदारांना धारेवर धरतात. मात्र डॉक्टरांची सेवावृत्ती संपली, असे कोणी म्हणत नाही. ते विचारतात, रोटावर, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकात, किती जण आहेत? शेटलँड बेटांची लोकसंख्या सुमारे २३ हजार आहे, आपल्या एखाद्या लहान तालुक्यापेक्षाही कमी, आणि तिथल्या लर्विकच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया, भूल आणि सिझर यांची सोय आहे. ती टिकते कारण एकट्यावर भार टाकलेला नसतो आणि जागा रिकामी पडली तर लोकम, म्हणजे तात्पुरता बदली डॉक्टर, आणला जातो, मग तो कितीही महाग पडो.

आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयाला भूलतज्ज्ञाचे पद मंजूर झालेच तर ते एक असते. एक पद म्हणजे वर्षाच्या ३६५ रात्री एकाच माणसाच्या डोक्यावर. त्याने आजारी पडायचे नाही, बहिणीच्या लग्नाला जायचे नाही, सलग दोन रात्री जागून तिसऱ्या दिवशी चुकायचे तर मुळीच नाही. अशा पदावर टिकणाऱ्याला आपण संत म्हणतो आणि सोडून जाणाऱ्याला पळपुटा. हेमलकशाला प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी १९७३ पासून, मेळघाटातल्या बैरागडला रवींद्र आणि स्मिता कोल्हे यांनी जे केले, त्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु शासकीय रुग्णालयाची रात्रपाळी आमटे-कोल्ह्यांसारखी माणसे जन्माला येण्यावर सोपवता येत नाही. तिथे चार साधी, बरी, पगारावर काम करणारी माणसे हवीत, जी आलटून पालटून झोपतील.

इथल्या उणिवा मी लपवत नाही. इंग्लंडमध्ये सत्तर लाखांहून अधिक उपचार प्रतीक्षायादीत आहेत आणि अठरा आठवड्यांत उपचार सुरू करण्याचे उद्दिष्ट २०१६ पासून गाठले गेलेले नाही. तिथले सरकारही २०३५ पर्यंत वर्षाला पाच लाख शस्त्रक्रिया रोबोटच्या साह्याने करू म्हणते. फरक एवढाच की, त्या यंत्राभोवती उभी राहणारी तुकडी तिथे आधीपासून आहे. सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी सगळे एकत्र जमून आपले नाव आणि काम सांगतात, आणि कातडीला सुरी लावण्यापूर्वी पुन्हा थांबतात. जागतिक आरोग्य संघटनेची ही तपासयादी २००८ ची. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. त्या यादीला वीज लागत नाही, पण ती मोठ्याने वाचायला आणि ऐकायला माणसे लागतात.

आणि संशोधन म्हणजे यंत्र, हे समीकरण गडचिरोलीच्या माणसाने तरी मांडू नये. आमच्याच जिल्ह्यात अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाला घरीच सांभाळण्याचे शिक्षण दिले आणि बालमृत्यूंत झालेली घट १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली, पुढे ‘आशां’च्या हातून तीच पद्धत देशभर गेली. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या रवींद्रनाथ टोणगावकरांनी हर्नियाच्या महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरले. तशाच स्वस्त जाळीची चाचणी युगांडात झाली, आणि ती महागड्या जाळीइतकीच चालते हे २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. इथल्या सहकाऱ्यांना मी हे सांगते, तेव्हा ते कुतूहलाने ऐकतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण टेबलावर आला की ते माझ्याकडे वळतात, कारण त्याला गारठू द्यायचे नाही, पाणी कमी पडू द्यायचे नाही, प्राणवायू क्षणभरही घसरू द्यायचा नाही, हे विदर्भात शिकलेल्या भूलतज्ज्ञाच्या हाडीमाशी खिळलेले असते. हे काम रुग्णाच्या उशाशी उभे राहूनच करावे लागते.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यात दहा नवी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांत गडचिरोली, भंडारा, बुलढाणा, वाशीम आणि अमरावती आहेत. याचा मला आनंद आहे. आमच्या वेळी नागपूर, सेवाग्राम नाहीतर यवतमाळ गाठावे लागे. पण तिथे शिकवणारे तज्ज्ञ तालुक्यांतून ओढून आणले आणि महाविद्यालयाच्या तपासणीपुरत्या बदल्यांवर भागवले, तर जिल्ह्याचे ठिकाण भरेल आणि धानोरा-कोरची आणखी ओस पडेल.

मावसभावाच्या त्या वाक्यातला ‘वाट पाहायचं काम नाही’ हा भाग मला सर्वांत जास्त लागला, हे मान्य केले पाहिजे. मी गेले ते पैशासाठी, असे गावात बोलले जाते; पैसा होताच, पण मी गेले ते मुख्यतः एकटीने रात्र काढण्याच्या भीतीने. इथे दुकानात, शाळेच्या दाराशी लोक मला ‘आमची डॉक्टर’ म्हणतात. कुरखेड्याला मी सुट्टीवर आलेली पाहुणी असते, आणि तिथल्या दवाखान्याविषयी बोलू लागले की ‘तुम्हाला काय ठाऊक’ हे शब्द बोलले जात नाहीत, पण चेहऱ्यांवर दिसतात. तरीही महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी मी नूतनीकरण करून घेते, तिचा इथे काडीचा उपयोग नसताना. का, याचे उत्तर मला नवऱ्यालाही देता आलेले नाही.

कायमची परत येईन, असे आश्वासन मी देणार नाही. मुलगी इथल्या शाळेत आहे आणि तिचे गाव हेच आहे. पण इथल्या बेटांवर वर्षातले काही आठवडे येऊन रात्रपाळ्या सांभाळणारे डॉक्टर आहेत, आणि त्यांच्या येण्याने कायम असणाऱ्यांना रजा मिळते. दक्षिण गडचिरोलीतल्या एका रुग्णालयात चार भूलतज्ज्ञ, दोन सर्जन, दोन स्त्रीरोगतज्ज्ञ, प्रशिक्षित सिस्टर आणि रक्तसाठवण केंद्र एकत्र उभे करा, आणि बाहेरगावी असलेल्या आमच्यासारख्यांना त्यांच्या रजेच्या काळात रीतसर नेमण्याची तरतूद करा. पावसाळ्यातल्या रात्री मला द्या. त्या मी घेईन.