ग्वामचे लोक मत देत नाहीत, की त्यांना देऊच दिलं जात नाही?

"अमेरिकन पासपोर्ट असला की जगात कुठूनही पोस्टाने राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येतं. प्वेर्तो रिको, ग्वामवाल्यांना मत नाही कारण ते नागरिकच नाहीत, टॅक्सही भरत नाहीत, आणि संविधानातच तसं असल्यामुळे कुणी काही करू शकत नाही" असा मेसेज सगळीकडे फिरतोय. (प्वेर्तो रिको, ग्वाम ही अमेरिकेच्या ताब्यातली, पण राज्याचा दर्जा नसलेली बेटं.) वाचून राग आला म्हणून लिहितोय.

नागरिक नाहीत हे साफ चूक. प्वेर्तो रिकोला 1917 पासून नागरिकत्व आहे, ग्वामला 1950 पासून. फक्त अमेरिकन सामोआत जन्मलेल्यांना 'नॅशनल' म्हणतात, नागरिक नाही. एका बेटाची गोष्ट सगळ्यांच्या माथी कशाला मारायची?

आता 'कुठूनही मत देता येतं'. खरी गोम इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. परदेशी राहणाऱ्यांसाठी 1986 चा कायदा आहे, त्यामुळे हवाई राज्य सोडून टोकियोला कायमचा गेलेला माणूसही हवाईची मतपत्रिका मागवू शकतो. तोच माणूस ग्वामला राहायला गेला की ते मत गेलं, कारण या कायद्याच्या व्याख्येत ग्वाम, प्वेर्तो रिको, व्हर्जिन आयलंड्स आणि अमेरिकन सामोआ 'अमेरिकेतच' धरलेत, म्हणजे कायद्याच्या लेखी तो परदेशी गेलेलाच नाही, आणि ग्वामला स्वतःची इलेक्टोरल मतं (ज्यांवर राष्ट्राध्यक्ष निवडला जातो) नाहीत. त्या यादीत नॉर्दर्न मारियाना मात्र नाही! म्हणजे समजा हवाईतले दोन शेजारी निघाले, एक नॉर्दर्न मारियानातल्या सायपानला आणि एक ग्वामला, दोन्ही अमेरिकेचीच बेटं, मध्ये साधारण 200 किलोमीटर समुद्र, तर सायपानवाल्याच्या घरी मतपत्रिका येणार आणि ग्वामवाल्याच्या नाही. याच मुद्द्यावर हवाईतून गेलेले लोक कोर्टात गेले होते, 2024 मध्ये नवव्या सर्किट कोर्टाने (फेडरल अपील कोर्ट) त्यांच्या विरोधात निकाल दिला. ग्वामच्या लष्करी तळावर ड्युटीला असलेल्या सैनिकाचं त्याच्या राज्यातलं मत मात्र शाबूत राहतं, आणि टेक्सासने तर 1997 मध्ये अंतराळवीरांना अंतराळातून मत द्यायची सोय केली. मग ग्वामला पोस्ट पोचत नाही का?

टॅक्सचं म्हणाल तर, बेटावरच्या कमाईवर बहुतेकांना फेडरल इन्कम टॅक्स नाही हे खरं, पण सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे पैसे पगारातून कापले जातातच. आणि टॅक्स ही मताची अट आहे कुठे? राज्यांत राहणारे कितीतरी लोक उत्पन्न कमी म्हणून इन्कम टॅक्स शून्य भरतात आणि मत देतात.

राहिला संविधानाचा मुद्दा. इथे दोन वेगळे प्रश्न एकात घुसडलेत. इलेक्टोरल मतं राज्यांना मिळतात, त्यामुळे ग्वामला स्वतःची मतं हवी असतील तर घटनादुरुस्तीच लागेल, राज्य नसलेल्या राजधानी वॉशिंग्टन डीसीला 1961 मध्ये तशीच मिळाली. पण राज्यातून बेटावर गेलेल्या माणसाला जुन्या राज्याची मतपत्रिका पाठवायला घटनादुरुस्ती लागत नाही. 2018 मध्ये इलिनॉयच्या केसमध्ये सातव्या सर्किट कोर्टाने सांगितलंय की 1986 चा कायदा इलिनॉयला अशी मतपत्रिका पाठवण्यापासून अडवत नाही, ते राज्याच्या हातात आहे. त्यामुळे 'कुणी काही करू शकत नाही' हे वाक्य तरी त्या मेसेजमधून काढा, राज्याच्या विधिमंडळाने आपल्या कायद्यात एक दुरुस्ती केली तरी ग्वामच्या पत्त्यावर पाकीट जाऊ शकतं.