औषध बंद करणे ही विश्वासाची कृती नव्हे

आरोग्याच्या प्रार्थनेबद्दलचा एक मजकूर ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत थोड्याफार फरकाने फिरत असतो. त्याचा आशय असा: ‘याकोब सांगतो की कृतीवाचून विश्वास मेलेला आहे. म्हणून प्रार्थना झाली की त्याच दिवशी गोळ्या बंद करा. औषध चालू ठेवणे म्हणजे देवाने बरे केले यावर तुमचा भरवसा नाही. आसा राजा वैद्यांकडे गेला आणि मेला. रक्तस्रावी स्त्रीचे वैद्यांनी नुकसानच केले. अनेकांनी औषधे टाकली आणि ते बरे झाले, त्यांच्या साक्षी आहेत.’ हा मजकूर वाचून इन्सुलिन थांबवणारे लोक खरोखर असतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी बायबलच्या नव्या करारातले याकोबाचे पत्र. दुसऱ्या अध्यायात कृती कशाला म्हटले आहे ते 15 आणि 16 या वचनांत आहे. भाऊ किंवा बहीण उघडी आहे, रोजच्या अन्नाला मोताद आहे, आणि कोणी नुसते ‘सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा’ म्हणतो, पण शरीराला लागणारे काहीच देत नाही. म्हणजे कृती ही गरज भागवणारी आहे. गरजेची वस्तू काढून घेण्याला याकोबाने कुठेही कृती म्हटलेले नाही. ‘अब्राहामाने मुलगा वेदीवर ठेवलाच ना?’ असे विचारले जाते. त्याला तशी स्पष्ट आज्ञा झाली होती. ‘तुझी मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) बंद कर’ अशी आज्ञा शास्त्रात कोणालाच नाही. उलट, मंदिराच्या शिखरावरून ‘खाली उडी टाक, देवदूत झेलतील’ असे वचनाचाच आधार घेऊन सांगणारा सैतान होता, आणि ‘देवाची परीक्षा पाहू नको’ असे प्रभूने त्याला उत्तर दिले (मत्तय 4:5-7).

याच पत्राच्या 5:14-15 कडे हा मजकूर फिरकतही नाही. तिथे आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला वाचवील, असे आहे. प्रार्थना कोणाची? वडिलांची. त्यामुळे बरे न वाटल्यास ‘तुझाच विश्वास कमी पडला’ असे रोग्याला सुनावण्याला या वचनात काडीचा आधार नाही. मार्क 2 मधल्या पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उकलून खाली सोडले, तेव्हाही प्रभूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला.

आता यहूदाचा राजा आसा. 2 इतिहास 16:12 म्हणते की पायांच्या भारी रोगातही त्याने परमेश्वराचा शोध केला नाही, वैद्यांचा केला. पण अध्याय पहिल्या वचनापासून वाचा. इस्राएलाच्या राजाशी वैर पडल्यावर त्याने परमेश्वराच्या मंदिरातले सोनेरुपे अरामाचा राजा बेन-हदाद याला मदतीसाठी पाठवले, आणि त्याबद्दल बोलणाऱ्या हनानी द्रष्ट्याला तुरुंगात घातले. ज्याने देवाकडे पाठ फिरवली त्याचाच आजारपणातला हा पुढचा प्रसंग आहे. दोष देवाला टाळण्याचा आहे. वैद्यांकडे जाणे पाप असते, तर पौलाने लूकाला ‘प्रिय वैद्य’ म्हटले नसते (कलस्सै 4:14).

रक्तस्रावी स्त्रीचे वैद्यांमुळे हाल झाले, पैसा संपला, हे मार्क 5:26 मध्ये आहेच. वाईट उपचार वाईटच. ती बरी झाली ती मात्र प्रभूच्या वस्त्राला शिवली म्हणून. तिने एखादे लागू पडणारे औषध फेकले होते असे कुठेही लिहिलेले नाही.

आता राजा हिज्कीया, जो या मजकुरात कधीच नसतो. 2 राजे 20 मध्ये तो मरणोन्मुख आहे. तो रडून प्रार्थना करतो आणि उत्तर येते: तू तिसऱ्या दिवशी मंदिरात जाशील, तुझ्या आयुष्यात 15 वर्षे वाढवीन. वचन मिळाले, तेही तारखेसकट. आणि त्याच्या पुढच्याच टप्प्यात यशया संदेष्टा अंजिरांचे पोटीस आणायला सांगतो, ते गळवावर बांधतात आणि राजा बरा होतो. म्हणजे आधी प्रार्थना, मग अभिवचन, मग लेप. ‘वचन मिळाले ना, मग लेप कशाला?’ असे न यशया म्हणाला न राजा. प्रभूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्यानेही वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, दोन दिनार देऊन उतारशाळेत सोय लावली. पौलाने तीमथ्याला पोटाच्या तक्रारींसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, आणि आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारीच ठेवून तो पुढे गेला (2 तीमथ्य 4:20). पौलाच्या विश्वासात काय कमी होते?

बरे झालेल्यांना प्रभूने काय सांगितले, हेही पाहावे. कुष्ठरोग्यांना ‘याजकाला दाखवा’ (मार्क 1:44, लूक 17:14). लेवीय 13 आणि 14 मध्ये याजकाची ही तपासणी किती बारीक होती ते आहे: डाग, केस, सात दिवस वेगळे ठेवणे, पुन्हा पाहणे. चमत्कारानंतरही तपासणी. रिपोर्ट पाहूनच डॉक्टरांनी औषध थांबवावे, हा क्रम त्याच वळणाचा आहे.

साक्षींचा मुद्दा सर्वांत घातक, कारण त्यातला पहिला अर्धा भाग बहुतेकदा खरा असतो. माणसाला खरोखर बरे वाटत असते. क्षयरोगाचे उदाहरण घ्या. औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. ताप आणि खोकला मात्र काही आठवड्यांतच उतरतो, भूक परत येते, वजन वाढते. साक्ष नेमकी याच वेळी दिली जाते. पण संथ वाढणारे जंतू फुप्फुसात शिल्लक असतात. कोर्स तिथे तोडला की रोग उलटतो, जंतू औषधांना जुमानेनासे होण्याची शक्यता वाढते, आणि बंद सभागृहात शेजारी बसलेल्यांनाही धोका होतो. सरकारी केंद्रात औषधे मोफत मिळतात आणि टीबीसाठीची सरकारी निक्षय हेल्पलाइन 1800-11-6666 आहे, तेव्हा खर्चाची सबबही नको.

एचआयव्हीत ‘विषाणू सापडत नाही’ असा रिपोर्ट येतो, तो गोळ्यांमुळे. गोळ्या सोडल्या की बहुतेकांत काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वर येतो. रक्तदाब वाढला तरी बहुधा काहीच जाणवत नाही, त्यामुळे ‘गोळी सोडून महिना झाला, मला काही होत नाही’ ही साक्ष ठरत नाही. फिट्स अधूनमधूनच येतात, मधला शांत काळ म्हणजे आजार गेला असे नव्हे. फिट्सचे औषध एकदम तोडल्यास फिट लांबते किंवा एकामागून एक येतात. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेली फिट ही तातडीची वेळ. टाइप 1 मधुमेहात इन्सुलिन पूर्ण थांबले तर एकदोन दिवसांत रक्तात आम्ल साचते: उलट्या, पोटदुखी, खोल जलद श्वास, तोंडाला फळासारखा वास. अशा माणसाला डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत रात्र काढायची नसते. आणि ज्यांचे बिघडले ते व्यासपीठावर येत नाहीत, हा हिशोब साक्षींच्या यादीत कधीच दिसत नाही.

उपास-प्रार्थनेत एक वेगळी चूक होते. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने जेवण टाळून नेहमीची गोळी घेतली तर रक्तातली साखर 70 मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे. सभेत याला कोणी आत्म्याचा स्पर्श समजतो, कोणी भूतबाधा. दोन्ही समजुतींत वेळ जातो. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, 108 ला फोन करा. टाइप 1 असलेल्याने उपाशी असतानाही मूळ (जेवणाशी संबंध नसलेले, रोजचे) इन्सुलिन बंद करायचे नसते. उपासाच्या आधी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी, किंवा अन्नाऐवजी दुसऱ्या कशाचा उपास करावा. रात्रभरच्या प्रार्थनेत फिट्सच्या रुग्णाला बसवू नये, झोप बुडणे हे फिट येण्याचे नेहमीचे कारण आहे.

‘मिशनवाले डॉक्टर विश्वासात थंड होते’ असेही ऐकू येते. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय उभारले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला काम सुरू केले आणि गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. ख्रिस्ती श्रद्धेतूनच ही माणसे तिथे आली. प्रार्थना की औषध, हा वाद त्यांना पडलाच नव्हता.

मग आजाऱ्यासाठी प्रार्थना मागणाऱ्या मंडळीने करावे काय? प्रार्थनेआधी तीन गोष्टी विचाराव्या: कोणते औषध चालू आहे, शेवटची मात्रा कधी घेतली, पुढची तपासणी कधी. गोळ्यांची वेळ सभेच्या मध्ये येत असेल तर सभा थांबवून त्या घेऊ द्याव्या. तेल लावणाऱ्या वडिलांनी औषधाबद्दल ‘बंद’ हा शब्द उच्चारू नये, डॉक्टरांनी तसे लिहून दिले असेल तरच त्याची घोषणा करावी. आरोग्याची साक्ष छापायची किंवा व्हिडिओत घालायची तर आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट पाहूनच, रुग्णाच्या परवानगीने. मधुमेहात निदान तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी हवी, एका सकाळची साखर पुरत नाही. ज्याच्याकडे औषधाला पैसे नाहीत त्याला दानपेटीतून द्यावेत. याकोबाच्या 2:16 ला हीच कृती अपेक्षित आहे.

शेवटी कायद्याचेही एक वाक्य. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे.