तान्ह्यांना काय कळते? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम जय ख्रिस्त.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या रविवारच्या वर्गात आम्ही जे खेळ घेतो, त्यांविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. ज्यांना धड बोलताही येत नाही त्यांना कुटुंबातील प्रीती शिकवण्यात वेळ दवडण्यापेक्षा पाच-सहा वर्षांच्या मुलांकडून बायबलमधली वचने पाठ करून घ्यावीत, कारण प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य यालाही बाळपणापासून पवित्र शास्त्र ठाऊक होते, हा आपला पहिला आक्षेप. आणि आई, बाबा व बाळ एवढीच चित्रे दाखवल्याने ज्यांच्या घरी तसे नाही ती मुले एकटी पडतात, हा दुसरा. पहिला मला मान्य नाही. दुसरा मान्य आहे, आणि तो आपल्याआधी एका लहान मुलीने माझ्या पदरात घातला होता.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ३ऱ्या अध्यायात आपण दाखवलेले 'बाळपण' मुळात 'ब्रेफोस' (तान्हे बाळ) या ग्रीक शब्दाने सांगितले आहे. लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या २ऱ्या अध्यायात गव्हाणीतल्या बाळासाठी हाच शब्द वापरला आहे, आणि १८व्या अध्यायात लोक येशूकडे ज्या बालकांना घेऊन आले त्यांच्यासाठीही. म्हणजे ती चालती-बोलती शाळकरी मुले नव्हेत, कडेवरची तान्ही मुले होती. त्यांना उपदेश कळला असेल असे कोणी म्हणणार नाही. मार्क सांगतो की येशूने त्यांना कवेत घेतले, त्यांच्यावर हात ठेवले. त्या वयाला समजेल असे तेवढेच होते, आणि ते त्यांना मिळाले.

आमचा ओढणीआडून 'कुकूक' करण्याचा खेळ आपल्याला निव्वळ करमणूक वाटला. साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास बाळाला उमगू लागते की दृष्टीआड झालेले नाहीसे होत नाही, आणि नेमक्या याच काळात आई उठली की ते आकांत मांडते. ओढणी बाजूला होऊन तोच चेहरा दहा वेळा परत येतो, तेव्हा गेलेले माणूस परत येते हे बाळ अंगाने शिकते. म्हणून ओढणी मी धरत नाही, आईने किंवा आजीने धरायची असते. माझा चेहरा तिथे काय कामाचा?

द्राक्षांच्या दिवसांत आम्ही वाटीतली फोड घरच्या माणसाच्या तळहातावर ठेवायला लावतो. वर्षाच्या आसपासचे मूल फोड देते आणि लगेच परत घेते, तेव्हा हे वाटून खाणे नव्हेच, हे आपले निरीक्षण अचूक आहे. परंतु आजीने हसून "घे बाळा" म्हटले की ते पुन्हा देते, आणि आम्हाला तेवढेच हवे असते. (नाशिककरांना द्राक्षांविषयी सांगावे असे नाही, तरीही सांगतो : या वयाला अख्खे द्राक्ष कधीही देऊ नये, ते श्वासनलिकेत अडकू शकते, उभ्या चार फोडी कराव्यात.)

वचनांना माझा विरोध नाही. नाशिकच्या शरणपूर या ख्रिस्ती वस्तीत वाढलेली माझी आजी भाकरी थापताना २३वे स्तोत्र म्हणत असे, आणि मला ते कोणी पाठ करायला लावल्याचे आठवत नाही.

आता दुसरा आक्षेप. गेल्या नाताळाआधी जाड पुठ्ठ्यावरची तीन चित्रे आम्ही मुलांच्या उंचीवर टांगली होती. आजीकडे वाढणारी, दोन वर्षे पूर्ण झालेली एक मुलगी पुढे आली, तिने आईचे चित्र उचलून त्याच्या मागे पाहिले, मग बाबांचे उचलून पाहिले, आणि माझ्याकडे वळून विचारले, "आजी?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. गंमत अशी की आपण दिलेल्या दाखल्यातही तेच आहे. त्याच पत्राच्या १ल्या अध्यायात पौल तीमथ्याच्या विश्वासाचा उगम सांगताना आजी लोईस आणि आई युनीके यांचीच नावे घेतो, वडिलांचा उल्लेखही करत नाही.

आता प्रत्येक घरातून फोटो मागवतो आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला आतून लावतो, वरून रुंद चिकटपट्टी, कारण सगळे तोंडात जाते. कोणाच्या डब्यात पाच झाकणे असतात, कोणाच्या एकच. शेजारची मावशीही चालते. पुठ्ठ्याची चित्रे काढून टाकली होती, पण लेखात त्यांचे वर्णन तसेच राहिले ही चूक माझी. तो भाग आज बदलला आहे.